मदत हवी आहे: सासूबाईंना हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर न्यायचंय, पाचनई गावाकडची वाट झेपेल का?

नमस्कार मंडळी. येत्या नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष होईल. ३४ वर्षांचा होता. (डोंगरात नाही गेला, घरीच, झोपेत. लोक आधी तेच विचारतात.) शनिवार आला की त्याचा पाय घरात ठरायचा नाही. हरिश्चंद्रगड तर अवघड अशा नळीच्या वाटेसकट सगळीकडून चढून झालेला. बुटांच्या खाचांत अजून लाल माती आहे, मी धुतले नाहीत.

सासूबाई म्हणतात, "श्राद्ध गुरुजी करतील गं, पण तो पालथा पडून खाली बघायचा ना, ती जागा मला एकदा दाखव." म्हणजे कोकणकडा. वय ६३, गुडघे दुखरे, पण शेतात चालायची सवय आहे. खिरेश्वर-तोलारखिंड त्यांना लांब पडेल, म्हणून पाचनईकडून चढायचा विचार आहे. तिथल्या कातळटप्प्यांवर वयस्कर माणसाला कितपत त्रास होतो? वर देवळापाशी मुक्काम करून कडा दुसऱ्या दिवशी बघितलेला बरा का? उतरताना गुडघ्यांसाठी काय करता?

आणखी एक. त्याचा चढाईचा दोर नि हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा) सहा वर्षं जुने आहेत. कुणाला तरी द्यावेत असं वाटतं, पण एवढा जुना दोर चढाईसाठी देणं धोक्याचं ना? बूट मात्र देणार नाही.