पट्टेरी लाकूड म्हणायचं की रेघाळ?

रापणकार: मडगावच्या एका दुकानाचं मराठी माहितीपत्रक करतोय, लाकडी मनगटी घड्याळं, ट्रे, भिंतीवरचे पॅनेल असला माल. झेब्रावुडला मी ‘विदेशी पट्टेरी लाकूड’ लिहिलं. मालक म्हणतो पट्टेरी वाघ असतो, लाकूड नव्हे, आणि ‘विदेशी’ म्हटलं की गिऱ्हाइकाला बाटली आठवते. दुसरं काय लिहू?

अनुस्वार: रेघाळ. किंवा रेखांकित.

फोंड्याची सून: रेखांकित म्हणजे कोणीतरी पट्टी घेऊन रेघा मारल्यासारखं वाटतं! आमच्याकडे सासूबाई सरळ ‘चट्ट्यापट्ट्याचं’ म्हणतील.

रापणकार: चट्ट्यापट्ट्याची चड्डी असते हो, घड्याळ कोण घेईल

अनुस्वार: म्हणून तर रेघाळ. आणि ‘विदेशी’च्या जागी ‘अनवट’.

सुतारपक्षी: अनवट राग असतो, फळी नव्हे. शब्द राहूदे, आधी लाकूड काय आहे ते बघा. हे झाड आफ्रिकेतलं, कॅमेरून, गॅबोन त्या बाजूचं, फिकट सोनेरी अंगावर काळपट तपकिरी रेघा. ओंडका चौथाई चिरून, म्हणजे आधी उभे चार भाग करून, फळ्या काढल्या तर रेघा सरळ येतात, भाग न करता एकामागून एक फळ्या चिरत गेलात तर लाटा येतात, म्हणजे पट्टे अर्धे झाडाचे आणि अर्धे करवतीचे. ताजं कापलं की घाण वास येतो, तो माहितीपत्रकात कोण लिहिणार? तंतू एकमेकांत उलटसुलट गुंतलेले, रंधा मारला की कुसं उपटतात, आमचे मेस्त, म्हणजे सुतार, शिव्या घालतात. म्हणून बहुतेक ठिकाणी विनियरच, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवतात, जुन्या मर्सिडीजच्या डॅशबोर्डवर होतं तसं.

फोंड्याची सून: मग घड्याळात काय कामाचं?

सुतारपक्षी: एवढ्याशा तुकड्यात पण पट्टे दिसतात ना, आणि दोन घड्याळं सारखी निघत नाहीत, लोक त्याचेच पैसे देतात. सागवानाचा एवढासा तुकडा घेतलात तर नुसता तपकिरी दिसेल.

आगोंदचा वारा: झेब्रा हा शब्द मुळात पोर्तुगीज, तिकडच्या रानगाढवाला म्हणायचे, आफ्रिकेत पट्टेवाला प्राणी दिसल्यावर त्याला चिकटवला. मग आपल्याकडे जनेल (खिडकी), मेज आले तसा झेब्रापण पोर्तुगीजांबरोबर मांडवी नदीतूनच आला असणार. झेब्राच लिहा, घरचाच शब्द आहे.

अनुस्वार: मराठीत तो शाळेच्या इंग्रजी पुस्तकातून आला, झ झेब्र्याचा पण नव्हे, झेड झेब्र्याचा. मांडवीचा काही संबंध नाही. आणि प्रत्येक वस्तूला इंग्रजी चालवून घ्यायचं तर मराठी माहितीपत्रक करताच कशाला?

आगोंदचा वारा: ‘पॅनेल’ला काय म्हणता मग?

अनुस्वार: फलक.

फोंड्याची सून: फलक म्हटल्यावर लोक वाचायला जातील 😄

सुतारपक्षी: मला कळत नाही ते हे की एवढं लांबचं कशाला पाहिजे. मट्टी, तुमचा ऐन हो, गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून सांगतात ते झाड, सालीवर मगरीसारखे खवले. त्याच्या गाभ्यात काळपट रेघा किती छान येतात. आमच्या जुन्या घराच्या तुळया मट्टीच्या, कोणी कधी मान वर करून बघितलं नाही. तेच शोरूममध्ये लावलं, परदेशी नाव दिलं तर फोटो काढतील.

अनुस्वार: ‘तुमचा ऐन’ म्हणजे? ऐन हाच मराठी शब्द. मट्टी कोंकणी.

सुतारपक्षी: आमच्या सत्तरी तालुक्यात मराठी बोलणारे पण मट्टीच म्हणतात, कोणाला विचारून म्हणायचं?

फोंड्याची सून: माहेरी देवगडला ऐनच. इथे येऊन मट्टी शिकले, आता माहेरी मट्टी म्हटलं की बाबा हसतात.

रापणकार: अहो, उद्या छापायला द्यायचंय. रेघाळ की पट्टेरी?

आगोंदचा वारा: माजोर्ड्याला एकांकडे शिसवी कपाट आहे, त्याला पण रेघा आहेत. शिसवीला रेघाळ कोणी म्हणालेलं ऐकलंय?

सुतारपक्षी: शिसवीच्या रेघा वेगळ्या, जांभळट. आणि हल्ली शिसवी म्हणून काय काय विकतात ते बोलायला लावू नका. फोटो टाका त्या कपाटाचा.