दहावीसाठी १७ नंबर की मुक्त विद्यालय? मदत हवी आहे

नमस्कार ताई-दादांनो. मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजीकडच्या एका खेड्यातली. वय ३७. २००५ मध्ये दहावीला गणितात गेले, लग्न झालं, विषय तिथेच संपला. आता अंगणवाडीच्या जागेला बारावी पास लागते, म्हणून पुन्हा वही उघडली आहे. सासूबाई म्हणतात, "आता काऊन शिकून राहिली वो?" पण फॉर्मचे पैसे त्यांनीच काढून ठेवलेत!

बारावीच्या आधी दहावीच काढायची आहे. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य बोर्डाला बाहेरून बसायचा, भरला तर परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा शेतीची कामं आटोपलेली असतात. पण गणित मानगुटीवर. एनआयओएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, गणित न घेता पाच विषय निवडता येतात, मराठी माध्यम आहे, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मात्र तिथली ऑक्टोबरची परीक्षा ऐन सोयाबीन-कापसात येते.

माझ्या जुन्या मार्कशीटवरचे दोन पास विषय एनआयओएस धरेल का, की इतकी जुनी चालत नाही? गणिताशिवायच्या दहावीवर पुढे कोणाला अडचण आली का? यवतमाळकडे अभ्यासकेंद्र कोणतं बरं आहे? स्वतः केलेल्यांनीच सांगा. नेट कॅफेवाल्याने तीन वेळा तीन वेगवेगळी उत्तरं दिलीत.