आठवी-नववीच्या मुलांना संगणकावर संगीतनिर्मिती शिकवताना सुरुवात कोठून करावी?

वृंदगान (प्रश्न)

मी तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत संगीत शिकवते. यंदा आठवी व नववीच्या मुलांना संगणकावर संगीत तयार करण्यास शिकवावे, असे ठरले असून त्यासाठी आठवड्यातून 35 मिनिटांच्या दोन तासिका मिळाल्या आहेत. संगणक कक्षात 12 यंत्रे आहेत आणि एका वेळी 24 मुले बसतात. खर्च करता येणार नसल्याने एलएमएमएस आणि ऑडॅसिटी ही दोन मोफत सॉफ्टवेअर बसवून घेतली आहेत.

महिनाभरात अनुभव असा आला की, मुले तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजत राहणारे संगीताचे छोटे तुकडे) ओढून एकावर एक रचतात आणि दहा मिनिटांत काहीतरी भरगच्च वाजू लागते. मात्र बाराही गटांचे संगीत जवळजवळ सारखेच असते. अमुक ठिकाणी अमुक आवाज का ठेवला, असे विचारले तर ‘छान वाटतो म्हणून’ यापलीकडे उत्तर येत नाही. शिवाय तबला-पेटीच्या तासाशी याचा काय संबंध, असे मुख्याध्यापकांनी विचारले, तेव्हा मलाही नीट सांगता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

डग्गा-तबला

मॅडम, पहिले काही आठवडे लूपचा कप्पा बंदच ठेवावा, असे माझे मत आहे. एलएमएमएसमध्ये ठेका रचण्याच्या खिडकीत सुरुवातीला 16 घरे असतात, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन आपल्यापुढे आयतेच मांडलेले असते. मुलांना आधी हाताने टाळी-खाली (खाली म्हणजे टाळी न देता नुसता हात उलटा दाखवण्याची मात्रा) दाखवत ठेका म्हणायला लावावे आणि मग तोच ठेका दोन ओळींत भरायला सांगावा : एका ओळीत डग्ग्याचा जड आवाज, दुसरीत तबल्याचा टणक आवाज. ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ हा पाठ घेतला, तर डग्ग्याच्या ओळीत 10 ते 13 ही घरे रिकामी राहतात. हाताने खाली नवव्या मात्रेवर दाखवायची आणि डग्गा मात्र दहाव्या मात्रेपासून गप्प होतो, ही गोष्ट तोंडी समजावताना माझी दमछाक होत असे. पडद्यावर ती मुलांनी स्वतःच शोधून काढली.

त्यानंतर रूपक घ्यावा. सॉफ्टवेअरमधील तालाची मोजणी (टाइम सिग्नेचर) 7/8 केली की एका आवर्तनाची 14 घरे होतात आणि प्रत्येक मात्रेला दोन घरे मिळतात. ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’ भरल्यावर समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, घरात डग्गा नाही, हे पाहून कोणीतरी ‘सर, चुकले का?’ असे विचारतेच. तासातली खरी चर्चा तेथून सुरू होते.

स्वच्छ_ध्वनी

मी ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे. लूप पूर्ण बंद करण्याचा वरील सल्ला मला फार पटत नाही, कारण चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी काहीतरी दणदणीत वाजलेले हवे असते आणि तो आनंद काढून घेतला तर पुढचे शिकवायला मुले उरणार नाहीत. त्याऐवजी मुलांना आठ लूप रचू द्यावेत आणि मग त्यांतील पाच काढायला सांगावेत. काय ठेवले आणि का ठेवले, हे सांगताना ‘छान वाटते’ हे उत्तर पुरत नाही.

दुसरी गोष्ट, आवाज मुलांनी स्वतः गोळा करावेत. शाळेची घंटा, पाण्याची टाकी, डबा उघडल्याचा आवाज, बाकावरची थाप मोबाईलवर मुद्रित करून ऑडॅसिटीत आणावी. आवाजाच्या आधीची शांतता अगदी कडेपर्यंत कापावी, नाहीतर थाप नेहमी मात्रेच्या मागे पडते आणि मुले दोष स्वतःच्या लयीला देतात. एलएमएमएसच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत थेट ध्वनिमुद्रण होत नाही, म्हणून मुद्रण व कापणी ऑडॅसिटीत आणि रचना एलएमएमएसमध्ये, अशी विभागणी ठेवावी.

कळफलकावर वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर बफर (वाजवण्यापूर्वी संगणक ध्वनीचे जेवढे नमुने साठवून ठेवतो तो साठा) तपासावा. 44,100 हर्ट्झला 1,024 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंदांचा उशीर. 256 केला तर तो 6 मिलिसेकंदांच्या आसपास येतो. फार कमी केला तर जुनी यंत्रे तडतडू लागतात. ब्लूटूथ हेडफोन मात्र वर्गात आणूच नयेत, त्यांचा उशीर कोणत्याही बफरने भरून निघत नाही. साधे तारेचे हेडफोन आणि एका यंत्रावर दोघांना ऐकता येईल असा जोड पुरेसा आहे. आवाजाची पातळी आपण स्वतः बांधून द्यावी : जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला 40 तास 75 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे आणि मुले नेहमी त्याच्या वरच ऐकत असतात.

श्रुती_आणि_सर्किट

मुख्याध्यापकांच्या शंकेबद्दल थोडेसे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर आणून इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभारली गेली होती. मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये रोलंड कंपनीची टीआर-808 (ठेका वाजवणारे) व टीबी-303 (खर्जातील स्वर वाजवणारे) ही यंत्रे वापरून रागांवर आधारित ध्वनिमुद्रिका केली. टीबी-303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, ती मींडेच्या जवळची आहे. मुलांना हे ऐकवावे आणि फरक कोठे उरतो, ते विचारावे.

त्याचबरोबर उणीवही दाखवावी. संगणकातील स्वर मुळात पेटीसारखेच समान अंतरांचे असतात, त्यामुळे गंधार शुद्ध पाच-चतुर्थांश गुणोत्तरापेक्षा (षड्जाच्या कंपनसंख्येच्या सव्वापटीपेक्षा) सुमारे 14 सेंट चढा लागतो; पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचे अंतर असते. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दूर ठेवले, त्यामागे इतर कारणांबरोबर हाही आक्षेप होता. तानपुऱ्यावर गंधार लावून संगणकाचा स्वर शेजारी वाजवला, तर नववीचा मुलगा तो फरक पकडतो. मग स्वर वाकवण्याच्या सोयीने तो जुळवून दाखवावा. तबला-पेटीचा संबंध विचारणाऱ्यांना हा एक तास बसवून घ्यावे.

वृंदगान

सर्वांचे आभार. पहिल्या चार तासिका ठेका आणि शाळेतील आवाज यांनाच देते, लूप पाचव्या तासिकेपासून. एक शंका राहिली : स्नेहसंमेलनासाठी मुलांना एका चित्रपटगीताचे मिश्रण (रीमिक्स) करायचे आहे, ते चालेल का?

स्वच्छ_ध्वनी

1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणाच्या ओघात होणाऱ्या वापराला आणि केवळ शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्यासमोर होणाऱ्या सादरीकरणाला सूट आहे. संमेलनाची चित्रफीत शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर टाकली, की ती सूट संपते. टाकायचीच असेल, तर घंटा आणि पाण्याच्या टाकीचे मिश्रण टाकावे, त्याचे मालक तुम्हीच आहात.