सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी: रिंग-पिस्टन बदलावे की कार्ब्युरेटर तपासावा?

सह्यवाट:
माझी १५० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली मोटारसायकल सर्व्हिसिंगहून आल्यापासून सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी धरू लागली आहे. प्लगही काळा निघतो आणि अ‍ॅव्हरेज पन्नासवरून चाळिशीवर उतरले आहे. थंडीतही गाडी चोक न ओढता पटकन सुरू होते, पण गरम झाल्यावर आयडलिंगला अडखळते. गॅरेजमधील कारागिराच्या मते इंजिन ऑईल खाते आहे, म्हणून रिंग-पिस्टन बदलावे लागतील. एवढा खर्च करण्याआधी काय तपासावे?

निळाधूर:
आधी काजळीवर पांढरा कागद घासून पाहावा. कोरडी भुकटी लागली तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त जाते आहे. ओलसर, चिकट थर लागला तरच ऑईलचा संशय घ्यावा. ऑईल जळत असेल तर गेजवरील (ऑईल मोजायच्या पट्टीवरील) पातळी उतरत जाते आणि लांब उतारावर थ्रॉटल मिटून पुन्हा दिल्यावर निळसर धूर निघतो. तो बहुधा वॉल्व्ह सीलचा (वॉल्व्हपाशी ऑईल अडवणाऱ्या कडीचा) दोष असतो. थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक लागतच नाही, यावरून मला तरी रिंगचा दोष वाटत नाही.

पेट्रोलटाकी:
दोष सर्व्हिसिंगनंतर सुरू झाला, म्हणजे तेव्हा कशाकशाला हात लागला ते विचारावे. फोमचा एअर फिल्टर धुऊन त्याला ऑईल लावताना ते नीट पिळून काढले नाही, तर हवा अडते आणि मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते. चोकची केबल ताणलेली राहिली किंवा कार्ब्युरेटरमधील निडलची (पेट्रोल कमी-जास्त सोडणाऱ्या सुईची) क्लिप खालच्या खाचेत बसवली, तरी परिणाम तोच होतो. पेट्रोलच्या सुमारे १४.७ पट वजनाची हवा मिळाली तरच ते पुरते जळते.

घाटरस्ता:
हा इथेनॉलच्या पेट्रोलचा परिणाम तर नसेल?

पेट्रोलटाकी:
नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण उलट पातळ होते. जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांना मात्र ते मानवत नाही.

सह्यवाट:
कागदावर कोरडी भुकटी आली. फिल्टर पिळून बसवला आणि चोकची केबलही सैल आहे, तरी फरक नाही. ऑईलची पातळी घटण्याऐवजी थोडी वाढली असून गेजला पेट्रोलचा वास येतो.

निळाधूर:
मग गाडी तूर्त चालवू नये, कारण पेट्रोल मिसळून पातळ झालेले ऑईल बेअरिंगला आणि सिलिंडरला पुरेसे वंगण देत नाही. कार्ब्युरेटरमधील फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाच्या) कप्प्यात येणारे पेट्रोल अडवणारी पिन नीट बसत नसावी. तिच्या टोकावर झिजेची गोल खूण किंवा बसण्याच्या जागी कचरा आहे का, ते पाहावे. पिन बदलून फ्लोटची उंची कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावी आणि ऑईल मात्र त्याच दिवशी बदलावे. तोवर उभ्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा. त्यानंतर नवा प्लग लावून गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवावी, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. आयडलिंगवर घरापर्यंत आणलेल्या गाडीच्या प्लगचा रंग फसवतो. टोकाशी फिकट तपकिरी रंग दिसला, तर रिंग-पिस्टनला हात लावण्याचे कारण उरत नाही.