रेव्हिटमध्ये (बिल्डिंग मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) ऑफसेट (ठरावीक अंतरावर समांतर भिंत काढायची कमांड) दिला की पॅसेज अरुंद होतोय, मदत हवी आहे

२३० मिमीच्या भिंतीपासून १२०० चा मोकळा पॅसेज सोडून ११५ ची पार्टिशन हवी आहे. ऑफसेटचा शॉर्टकट ओएफ दाबतो, न्यूमरिकलमध्ये १२००, कॉपीवर टिक. भिंत येते, पण माप सेंटर टू सेंटर! नव्या भिंतीचा टाइप बदलून ११५ केला की मधे उरतात जेमतेम १०२७.५. सध्या १३७२.५ टाकून भागवतोय, पण दर मजल्यावर कॅल्क्युलेटर कोण घेऊन बसणार?

दोन्ही भिंतींची लोकेशन लाइन (टाइप बदलला तरी जागेवर राहणारी भिंतीची रेषा) वॉल सेंटरलाइनच आहे. टाइप बदलण्याआधी नव्या भिंतीची लाइन पॅसेजकडच्या फिनिश फेसवर (भिंतीच्या पृष्ठभागावर) घेतली, तर तो फेस जागेवर राहील ना? तरी आधीच्या भिंतीची जाडी मोजावी लागेलच. त्यापेक्षा अलाइन्ड डायमेन्शन (दोन भिंतींमधलं माप) फेस टू फेस देऊन लॉक करणं बरं का? तुम्ही कसं करता?