मदत हवी आहे: कार्बन वाढवला की फोम शोषण्याऐवजी परावर्तनच जास्त देतोय

धागाकर्ता (सातपूर, नाशिक):
मायक्रोवेव्ह लाटा शोषणारा फोम बनवतोय. २० मिमीचा ओपन-सेल (छिद्रं एकमेकांना जोडलेला) पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोम कंडक्टिव्ह कार्बन ब्लॅकच्या पाण्यातल्या मिश्रणात बुडवून, पिळून ओव्हनमध्ये वाळवतो. बाइंडर (कार्बन धरून ठेवणारा) पीव्हीए गोंद. मागे अॅल्युमिनियमची प्लेट लावून ८ ते १२ गिगाहर्ट्झला मोजलं तर परावर्तन जेमतेम −६ डीबी (डेसिबल; उणे आकडा जितका मोठा तितकं परावर्तन कमी). कार्बन दुप्पट केला तर −३! फेराइट (लोहयुक्त चुंबकीय पदार्थ) नको, वजन परवडत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
जे व्हायला हवं तेच होतंय. −३ म्हणजे निम्मी ऊर्जा परत. कार्बन वाढला की वरचा थर धातूसारखा वागतो, हवेच्या ३७७ ओहम इम्पिडन्सशी (लाटेला होणाऱ्या विरोधाशी) जुळत नाही, लाट आत शिरतच नाही. मग शोषणार काय?
त्यात माझा खरा संशय वाळवण्यावर. पाणी पृष्ठभागावरून उडतं आणि जाताना कार्बनही ओढून नेतं. फोम मधोमध कापून बघा: कडा काळ्याभोर, गाभा करडा दिसला तर हेच कारण. रोलरमधून नीट पिळा, जाळीवर आडवा ठेवा, पहिला तासभर दर दहा मिनिटांनी उलटा, ६० अंशांच्या वर जाऊ नका. घाई केली की सालपट धरतं.

प्रतिसाद २:
सहमत. पण एकसारखा भरलेला फोम रुंद वारंवारता-पट्ट्यात फार साथ देत नाही. १० मिमीचे तीन थर करा. कोरड्या फोमच्या वजनावर कार्बन-बाइंडर मिळून पुढच्या थराला १०, मधल्याला २०, प्लेटकडच्याला ४० टक्के, इथून सुरुवात करा. कार्बनचा ग्रेड बदलला की आकडे बदलणारच, म्हणून प्रत्येक तुकडा आधी-नंतर तोला. थर चिकटवताना स्प्रे गोंद हलकाच.
आणि पीव्हीए सोडा हो! पावसाळ्यात ओल धरतो, रीडिंग रोज वेगळं येतं. अॅक्रिलिक इमल्शन वापरा.

धागाकर्ता:
जागा २० मिमीचीच आहे. चालेल?

प्रतिसाद २:
चालेल, दोन थर करा. मात्र ८ गिगाहर्ट्झकडे शोषण घसरेल. तिथे हवेतली तरंगलांबी ३७ मिमीच्या वर जाते, त्या मानाने फोम पातळ पडतो.

प्रतिसाद १:
मोजताना नमुना निदान ३०×३० सेंमी हवा, नाहीतर कडांचं विखुरणं मोजाल. हॉर्न अँटेनाचं (लाट सोडणाऱ्या कर्ण्याचं) तोंड १० सेंमी असेल तर १० गिगाहर्ट्झला अंतर ७० सेंमीच्या आत नको, १२ ला ८० धरा. आधी नुसती प्लेट मोजून तिला ० डीबी धरा. लक्ष्य −२० ठेवा, म्हणजे ९९ टक्के शोषण.
हा फोम पेटतो आणि धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. जास्त पॉवरच्या ट्रान्समीटरसमोर अग्निरोधक प्रक्रिया केल्याशिवाय लावू नका.