‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नक्की काय?

एप्रिल-मे लागला की बातम्यांत तेच वाक्य, ‘तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह सोसाट्याचा वारा आणि पाऊस’. आमच्या काकांनी ते ऐकलं आणि म्हणाले तुरळकच आहे ना, मग कशाला घाई, आणि बेदाणा वाळवायच्या शेडचे प्लास्टिकचे कागद न बांधताच जेवायला आले. ताटावरून उठेपर्यंत वारं असं सुटलं की कागद फाटून विजेच्या तारेवर आणि अर्धा माल मातीत. मग तुरळक म्हणजे थोडा पाऊस नाही का?

प्रतिसाद
नाही हो, आणि हाच घोटाळा सगळीकडे होतो. ‘तुरळक’ हे ठिकाणांचं विशेषण आहे, पावसाचं नाही. हवामान खात्याच्या भाषेत जिल्ह्यातल्या किंवा विभागातल्या पाऊस मोजायच्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, त्याच्या वर ५० पर्यंत ‘काही ठिकाणी’. किती पडेल ते ‘हलका’, ‘मध्यम’, ‘जोरदार’ यातून कळतं, आणि वारा तर तिसरीच गोष्ट, त्याच्यासाठी ताशी किती किलोमीटर तो आकडा बघायचा. म्हणजे तालुक्यात एकाच गावात पडला तरी तो तुरळकच, पण त्या गावाचे पत्रे उडालेले असतात.

आणि वळवाच्या ढगाची खोड अशी की वारा पावसाच्या आधी येतो. पाऊस खाली पडता पडता कोरड्या हवेत अर्धामुर्धा वाळून जातो, त्यामुळे हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. अंगाला एकदम गार झुळूक लागली, मातीचा वास आला की तेव्हाच समजायचं, कागद बांधायला मिनिटं उरलीत. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेही असंच मान्सूनच्या आधीचं वादळ, पुढे धूळ आणि मागून पाऊस.

प्रतिसाद
वरच्याला एक जोड. ‘वादळ’ शब्दानेही गोंधळ होतो, चक्रीवादळ चार दिवस आधी समुद्रात दिसतं, वळवाचा ढग दुपारी दोनला नसतो आणि चारला डोक्यावर असतो. म्हणून त्याचा नेमका अंदाज रडार बघून पुढच्या तीन तासांपुरताच देतात, सकाळच्या बातमीवर दिवस काढू नका. वीज पडण्याचा इशारा देणारं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते मोबाईलमध्ये ठेवा.

आणि कृपा करून वळवाला ‘अवकाळी’ म्हणू नका, वैशाखातला वळीव हा वेळेवरच आलेला पाऊस आहे, अवकाळी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत द्राक्षावर पडतो तो. पेपरवाले दोन्हीला एकच नाव देतात, त्यामुळे लोकांना वाटतं मे महिन्यात हे अचानकच घडलं, तयारी कसली करायची.

मूळ प्रश्नकर्ता
काकांना वाचून दाखवलं. ते म्हणतात मग ‘तुरळक ठिकाणी’ ऐवजी ‘कुठं कुठं, पण जोरात’ असं का सांगत नाहीत. मलाही ते पटतंय.